सोमवारी छाती, पुढे काय?

महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरात सोमवारी संध्याकाळी सात वाजता जिममध्ये शिरा, बेंचसमोर रांग दिसेल. सोमवार छातीचा, मंगळवार पाठीचा, बुधवार खांद्यांचा, गुरुवार बायसेप्स-ट्रायसेप्सचा आणि शुक्रवार पायांचा. शुक्रवारी रांग नसते, निम्मी मंडळी त्या दिवशी आजारी पडतात. हा तक्ता भिंतीवर चिकटवलेला असतो. तो कुणी केला आणि कुणासाठी केला, हे विचारायची पद्धत नाही. तक्ता वाईट आहे असं मी म्हणत नाही. शरीरसौष्ठवाच्या स्पर्धकांनी तो वर्षानुवर्षं वापरला आणि त्यांना तो मानवलाही. पण ज्याला दंडाचा घेर नको, रॉडवरचं वजन वाढवायचं आहे, त्याच्या हातात हा तक्ता पडला की गडबड होते. तो आठवड्यातून एकदा बेंच करतो. त्या दिवशी वीस-बावीस सेट मारतो, पुढचे तीन दिवस छाती धरलेली म्हणून समाधानी असतो, आणि सहा महिन्यांनी रॉडच्या दोन्ही टोकांना प्लेटा तेवढ्याच असतात.

हे पुस्तक त्याच्यासाठी आहे. स्क्वॉट, बेंच, डेडलिफ्ट, ओव्हरहेड प्रेस, किंवा स्नॅच आणि क्लीन अँड जर्क यांत ताकद वाढवू पाहणाऱ्या प्रत्येकाला दोन गोष्टी ठरवाव्या लागतात: आठवड्यात काम किती करायचं, आणि ते किती दिवसांत वाटायचं. पहिलीला व्हॉल्यूम म्हणतात, दुसरीला फ्रिक्वेन्सी. जिममधली निम्मी भांडणं या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्यामुळे होतात. ‘मी रोज करतो’ असं एक सांगतो, ‘मी तासभर मारतो’ असं दुसरा. दोघंही कामाचा आकडा सांगत नाहीत. माझं म्हणणं पहिल्याच पानावर सांगून टाकतो. आधी काम ठरतं, मग वार ठरतात. नुसते वार वाढवून ताकद येत नाही. पण काम नीट व्हायचं असेल, तर ते एका दिवसात कोंबूनही चालत नाही.

मोजायचं कसं, हे आधी स्पष्ट करू, कारण गफलतीची सुरुवात इथेच होते. वजन गुणिले रेप गुणिले सेट हा सोपा हिशोब सगळ्यांना येतो. शंभर किलो, पाच रेप, पाच सेट: अडीच हजार किलो. पण पन्नास किलोचे पन्नास रेप केले तरी बेरीज अडीच हजारच येते, आणि या दोन कामांत काहीच साम्य नाही. म्हणून या पुस्तकात मी टनांत मोजत नाही, कष्टाचे सेट मोजतो. कष्टाचा सेट म्हणजे ज्याच्या शेवटी आणखी एक ते तीन रेप निघाले असते, पण त्याहून जास्त नाही. वॉर्म-अपचे सेट धरायचे नाहीत. मोबाइल बघत मारलेले सेट तर नाहीच नाहीत. आणि फ्रिक्वेन्सी म्हणजे आठवड्यातून किती वेळा जिमला गेलात ते नव्हे, तीच लिफ्ट किंवा तोच स्नायू किती वेळा कामाला लागला ते. वर सांगितलेला तक्ता पाळणारा माणूस आठवड्यात पाच दिवस जिमला जातो, पण त्याच्या बेंचची फ्रिक्वेन्सी एक आहे. आणखी एक: ‘इंटेन्सिटी’ हा शब्द ट्रेनर मंडळी घाम आणि आरडाओरड यांसाठी वापरतात. ताकदीच्या खेळात त्याचा अर्थ रूक्ष आहे. तुमच्या एका रेपच्या कमाल वजनाच्या किती टक्के वजन रॉडवर आहे, एवढाच.

आता थोडा इतिहास, कारण आज जे वाद नवे वाटतात त्यांतले बहुतेक जुने आहेत.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी शिकागोतल्या गार्डिनर जनरल हॉस्पिटलमध्ये गुडघे जायबंदी झालेले सैनिक भरले होते. तिथला तरुण लष्करी डॉक्टर थॉमस डीलॉर्म स्वतः वजनं उचलणारा होता. लहानपणच्या संधिवातजन्य तापातून उठल्यावर त्याने वजनांनीच शरीर कमावलं होतं. त्या काळी दुखऱ्या सांध्याला हलका व्यायाम, पुष्कळ वेळा, असा रिवाज होता. डीलॉर्मने उलटं केलं. जड वजन लावलं आणि ते दर आठवड्याला वाढवत नेलं. १९४५ साली त्याने हे प्रसिद्ध केलं तेव्हा तो दहा-दहा रेपचे सात ते दहा सेट करून घेत होता. तीनच वर्षांनी, १९४८ मध्ये, आर्थर वॉटकिन्ससोबत त्याने ते तीन सेटवर आणले: पहिला दहा रेपच्या कमाल वजनाच्या निम्म्याने, दुसरा पाऊणपटीने, तिसरा पूर्ण वजनाने. म्हणजे व्हॉल्यूमबद्दल या शास्त्राने उचललेलं पहिलं पाऊल काम कमी करण्याचं होतं. आजही जगभर ‘तीन सेट दहा रेप’ ज्या श्रद्धेने केले जातात, त्यामागे मोडलेल्या गुडघ्यांचं हॉस्पिटल आहे हे फार थोड्यांना माहीत असतं. पुढे १९६२ मध्ये रिचर्ड बर्गर यांनी कॉलेजच्या मुलांवर एक, दोन, तीन सेट आणि दोन, सहा, दहा रेप अशा नऊ जोड्या करून बेंच प्रेस तपासला. आठवड्यातून तीन दिवस, बारा आठवडे. तीन सेट सहा रेपचा गट पुढे निघाला. नवशिक्यांसाठी तो निष्कर्ष अजूनही फारसा हललेला नाही.

सोव्हिएत रशियात प्रश्न वेगळ्या वाटेने सुटला. तिथे वेटलिफ्टरांच्या सरावाच्या नोंदी सरकारी शिस्तीने ठेवल्या जात. ए. एस. प्रिलेपिन या प्रशिक्षकाने अव्वल खेळाडूंच्या नोंदींवरून सत्तरच्या दशकात एक छोटा तक्ता केला. कमाल वजनाच्या अमुक टक्क्यांवर एका सेटमध्ये किती रेप करावेत, आणि त्या दिवशी त्या लिफ्टचे एकूण किती. उदाहरणार्थ ऐंशी ते नव्वद टक्क्यांच्या पट्ट्यात एका सेटमध्ये दोन ते चार रेप, दिवसभरात एकूण पंधरा. दहाच्या खाली गेलात तर काम कमी पडतं, वीसच्या वर गेलात तर रेपची जात बिघडते. भिंतीवर काही लावायचंच असेल तर हा तक्ता लावा. मात्र एक लक्षात ठेवा: तो स्नॅच आणि क्लीन अँड जर्कसाठी बनला. त्या लिफ्टमध्ये वजन वर गेल्यावर खाली सोडून देतात, हळूहळू उतरवत नाहीत. स्नायूला जास्त मार बसतो तो वजन उतरवताना, ताणाखाली लांब होताना. म्हणून वेटलिफ्टर जेवढ्या वारंवार स्नॅच करू शकतो, तेवढ्या वारंवार पॉवरलिफ्टरला जड डेडलिफ्ट झेपत नाही. रशियन आकडे पॉवरलिफ्टिंगला जसेच्या तसे लावणारे ही गोष्ट विसरतात, आणि मग कंबर त्यांना आठवण करून देते.

बल्गेरियाने तर प्रिलेपिनलाही मागे टाकलं. प्रशिक्षक इव्हान अबाजिएव यांच्या हाताखालचे खेळाडू रोज, दिवसातून अनेक वेळा, मोजक्याच लिफ्ट करत आणि जवळजवळ रोज त्या दिवसाच्या कमाल वजनापर्यंत जात. रेप थोडे, वजन प्रचंड, फ्रिक्वेन्सी आकाशाला भिडलेली. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये या छोट्या देशाने वेटलिफ्टिंगची तीन सुवर्णपदकं नेली. या पद्धतीत वाढलेला नईम सुलेमानोग्लू १९८६ मध्ये तुर्कस्तानला निघून गेला आणि १९८८ ला सोलमध्ये साठ किलो गटात त्याने १९० किलोचा क्लीन अँड जर्क मारला, स्वतःच्या वजनाच्या तिपटीहून जास्त. ‘रोज मॅक्स’ हा मंत्र आज इंटरनेटवर फिरतो तो या कहाणीच्या जोरावर. पण कहाणीचा उरलेला अर्धा भागही सांगायला हवा. त्याच सोलमध्ये बल्गेरियाच्या दोन विजेत्यांची पदकं उत्तेजकांच्या चाचणीनंतर काढून घेतली गेली आणि अख्खा संघ माघारी गेला. शिवाय ती मुलं लहानपणीच निवडलेली होती. सराव, जेवण आणि झोप याखेरीज त्यांना दुसरं काम नव्हतं. या गाळणीतून जे गळाले त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. सकाळी आठला कंपनीच्या बसमध्ये चढणाऱ्या माणसाने उरलेल्यांचा आहार-विहार न घेता फक्त सराव उचलावा, हा व्यवहार मला कधी कळला नाही.

अमेरिकेत याच सुमारास दुसरं टोक गाठलं गेलं. नॉटिलस यंत्रांचे जनक आर्थर जोन्स म्हणत, एकच सेट, पण शेवटचा रेप अडकेपर्यंत. पुढे शरीरसौष्ठवपटू माइक मेंट्झरने त्याचं तत्त्वज्ञान केलं. थोड्या दिवसांत भरपूर स्नायू वाढवल्याचा दावा करणाऱ्या, जोन्स यांच्या १९७३ च्या कोलोरॅडोतल्या गाजलेल्या प्रयोगाचा नायक केसी व्हिएटर हा गमावलेलं वजन परत मिळवत होता, ही बाब जाहिरातीत लहान टायपात गेली. दोन टोकांच्या मध्ये शांतपणे उभा राहिला तो बिल स्टार. १९७६ च्या आपल्या पुस्तकात त्याने अमेरिकन फुटबॉलपटूंसाठी पाच सेट पाच रेपची पद्धत मांडली. आठवड्यात तीन दिवस, त्याच लिफ्ट, पण सोमवार जड, बुधवार हलका, शुक्रवार मध्यम. यात बुधवारला फार महत्त्व आहे. हात त्याच लिफ्टवर बसतो, चाल घोटली जाते, पण सोमवारचा थकवा वाढत नाही. ताकदीचे आजचे बहुतेक शहाणे प्रोग्राम या तीन वारांची नातवंडं-पतवंडं आहेत.

आपल्याकडची परंपरा या वादात कुठे बसते, असं तालमीत वाढलेले वाचक विचारतील. कोल्हापूर-सांगलीच्या तालमीत जोर-बैठका शेकड्यांनी मोजल्या जातात आणि त्या रोज होतात. व्हॉल्यूम अफाट, फ्रिक्वेन्सी रोजची, पण भार स्वतःच्या शरीराचा. त्यातून दम, चिवटपणा आणि सांध्यांची मजबुती येते, जी कुस्तीला हवी असते. एका रेपची कमाल ताकद ही वेगळी चीज आहे. ती कमावायला भार वाढवावा लागतो आणि रेप कमी करावे लागतात. मात्र तालमीकडून आपण एक गोष्ट अर्धवट उचलली आहे. वस्ताद मेहनत जेवढी करून घेतो तेवढंच लक्ष खुराकाकडे आणि दुपारच्या झोपेकडे ठेवतो. जिममधल्या पोराने ‘रोज अंग मोडेपर्यंत’ एवढंच घेतलं. दूध-बदाम आणि झोप तालमीतच राहिली. आमच्याकडे विश्रांतीला आळस समजण्याची जी खोड आहे, ती वस्तादांनी लावलेली नाही.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या विषयावर मोजून-मापून पुष्कळ संशोधन झालं. त्यातलं तीन-चार ठिकाणचं इथे सांगतो, कारण पुढची प्रकरणं त्यांवर उभी आहेत.

ब्रॅड शोनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी आधीचे अभ्यास एकत्र करून दाखवलं की आठवड्याला एका स्नायूचे सेट जसे वाढतात तशी स्नायूची वाढही होते. पाचाहून कमी सेटपेक्षा दहा किंवा अधिक सेट करणाऱ्यांचा फायदा जास्त. एवढंच वाचून पुष्कळांनी सेट दुप्पट केले. पण त्याच शोनफेल्ड यांचा २०१९ सालचा प्रयोग फारसा कुणी वाचत नाही. सरावलेल्या पुरुषांचे तीन गट केले. प्रत्येक व्यायामाचा एक सेट, तीन सेट, पाच सेट. आठवड्यात तीन दिवस, आठ आठवडे. स्नायूंचा आकार सर्वाधिक वाढला तो जास्त सेटवाल्यांचा. ताकद मात्र तिन्ही गटांची जवळपास सारखीच वाढली. एक सेटवाला गट तर दर वेळी तेरा मिनिटांत मोकळा होत होता. माझ्या मते या साऱ्या विषयातली सर्वांत उपयोगी गोष्ट ही आहे. आकार आणि ताकद नातलग आहेत, एक नाहीत. आकाराला सेटची भूक मोठी. ताकदीला वजनाची आणि सरावाची. आठ आठवड्यांच्या प्रयोगावरून आठ वर्षांचं भाकीत करू नये हे खरंच. मोठा स्नायू पुढे जाऊन जास्त ताकद देतो, म्हणून लिफ्टरला वर्षातले काही महिने जास्त सेटचे हवेतच. पण बेंच अडकला की सेट वाढवणं हा पहिला उपाय नाही, एवढं यातून पक्कं कळतं. ‘दहा सेट दहा रेप’ या जर्मन म्हणून मिरवणाऱ्या प्रकाराचीही २०१७ मध्ये परीक्षा झाली. सहा आठवड्यांनी दहा सेटवाले पाच सेटवाल्यांच्या पुढे गेले नव्हते.

फ्रिक्वेन्सीचं काय? १९९७ मध्ये स्टुअर्ट फिलिप्स यांनी जड व्यायामानंतर स्नायूत प्रथिनं घडण्याचा वेग मोजला. तीन तासांनी तो नेहमीपेक्षा ११२ टक्क्यांनी वाढलेला होता, चोवीस तासांनी ६५, अठ्ठेचाळीस तासांनी ३४ टक्क्यांनी. सरावलेल्या माणसात ही वाढ आणखी लवकर ओसरते. म्हणजे सोमवारी मारलेल्या छातीचं बांधकाम बुधवार-गुरुवारपर्यंत संपत येतं आणि पुढचे तीन-चार दिवस ती रिकामी बसते. यावरून आठवड्यातून दोनदा हे एकदापेक्षा बरं, असा तर्क निघतो, आणि २०१६ च्या सुमारास अभ्यासांचा कलही तसाच होता. पुढे आणखी अभ्यास हाती आले, आठवड्याचं एकूण काम सारखं ठेवून तुलना झाली, तेव्हा हा फरक बराचसा विरघळला. ताकदीबद्दल योझो ग्रगिच आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये हेच पाहिलं. जास्त दिवस करणाऱ्यांची ताकद जास्त वाढते. पण काम सारखं केलं की दिवसांचा फायदा ठळक राहत नाही. दिवस वाढवल्याने लाभ होतो, तो मुख्यतः दिवसांबरोबर कामही वाढतं म्हणून.

मग वार वाटायचे कशाला, सगळं सोमवारीच का उरकू नये? इथे प्रयोगशाळेतून बाहेर यावं लागतं.

समजा एकाचा स्क्वॉट १२५ किलो आहे. ऐंशी टक्के म्हणजे शंभर किलो. त्याला आठवड्यात चार-चार रेपचे बारा सेट करायचे आहेत, म्हणजे अठ्ठेचाळीस रेप, चार हजार आठशे किलो. हे सगळं त्याने सोमवारी करायचं ठरवलं, तर पहिले चार सेट सुरेख जातात. सहाव्या सेटपासून गुडघे आत पडू लागतात, आठव्याला कंबर आधी उठते, दहाव्याला रॉडवरचं वजन कमी करावं लागतं. वहीत बारा सेट लिहिले जातात, प्रत्यक्षात कामाचे सात-आठच होतात, आणि उरलेल्यांत तो वाकडा स्क्वॉट घोटतो. हेच बारा सेट सोमवार, बुधवार, शुक्रवार असे चार-चार वाटले तर दिवसाला सोळा रेप पडतात. प्रिलेपिनचा पट्टा आठवा: दहा ते वीस, मध्यावर पंधरा. रशियन नोंदवहीतून आलेला आकडा आणि आपला साधा भागाकार एकाच जागी येऊन थांबतात. उसाला आठवड्याची पाळी एकाच रात्री सोडली तर रान सगळं पाणी पीत नाही, बांधावरून वाहून जातं, तसं हे. अभ्यासांत ‘काम सारखं ठेवलं’ म्हणतात तेव्हा ते कागदावर सारखं असतं. जिममध्ये ते सारखं ठेवायचं असेल, आणि सेट मोजके असतील, तर एक दिवस पुरतो. सहा-सातच्या वर गेले की वाटावे लागतात. फ्रिक्वेन्सीचं काम एवढंच, आणि ते लहान नाही.

दुसरं कारण सरावाचं. जड स्क्वॉट ही नुसती पायांची ताकद नाही; श्वास कधी धरायचा, रॉड पाठीवर कुठे बसवायचा, खालून उठताना कुठे रेटा द्यायचा, हे शरीराला पाठ व्हावं लागतं. स्पर्धेत उतरणाऱ्याने स्पर्धेच्या लिफ्ट आठवड्यातून दोन-तीनदा हाताळाव्यात, त्यांतली एखादी खेप हलकी असली तरी चालेल. बेंच वारंवार झेपतो, स्क्वॉट त्याहून कमी, डेडलिफ्ट सर्वांत कमी. अनुभवी पॉवरलिफ्टर बेंच तीनदा आणि जड डेडलिफ्ट एकदा करताना दिसतात ते याच कारणाने, आळसाने नव्हे.

आता या सगळ्या आकड्यांवर पाणी फिरवणारी एक गोष्ट. २००५ मध्ये मोनिका हबल आणि सहकाऱ्यांनी ५८५ स्त्री-पुरुषांना बारा आठवडे एकाच हाताचा सारखाच व्यायाम दिला. कुणाची एका रेपची कमाल ताकद अजिबात वाढली नाही, कुणाची अडीचशे टक्क्यांनी वाढली. दंडाचा आकार कुणाचा किंचित घटला, कुणाचा ५९ टक्के वाढला. प्रोग्राम एकच होता. शिवाय ही माणसं प्रयोगातली होती. आपल्याकडे येणारा माणूस आयुष्य घेऊन येतो. मार्केट यार्डात दिवसभर पन्नास किलोची पोती पाठीवर घेणाऱ्या हमालाच्या आठवड्यात डेडलिफ्टचे आठ सेट घालणं म्हणजे त्याच्या कंबरेला दोन पाळ्या लावणं. रात्रपाळीच्या कामगाराची झोप तुटलेली असते. पुण्यात गणपतीच्या आधी ढोल पथकांचे सराव सुरू झाले की पोरांचे खांदे रोज संध्याकाळी तासन्‌तास भार सोसतात आणि ओव्हरहेड प्रेस खाली येतो. त्यांना मी प्रेसचे सेट निम्मे करायला सांगतो. ढोल सोडायला सांगून उपयोग नसतो. हे कुठल्याही तक्त्यात येत नाही, पण व्हॉल्यूममध्ये येतं. आणि वरचे बरेचसे प्रयोग तरुण पुरुषांवर झालेले आहेत, हेही ध्यानात असू द्या. पंचेचाळिशीनंतर सुरुवात करणाऱ्या बाईने यातले आकडे हुकूम म्हणून घेऊ नयेत.

एवढी बारकाई सगळ्यांनाच हवी का? नाही. सांगलीचा वेटलिफ्टर संकेत सरगर याने २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात एकूण २४८ किलो उचलले आणि क्लीन अँड जर्कच्या दुसऱ्या प्रयत्नात कोपर दुखावल्यामुळे त्याला आकडा पुढे नेता आला नाही. सुवर्ण २४९ ला गेलं. त्या पातळीवर एका किलोसाठी वर्ष घालवावं लागतं, तिथे प्रत्येक सेटचा आणि प्रत्येक वाराचा हिशोब हवा. ज्याचा स्क्वॉट अजून साठ किलो आहे, त्याने आठवड्यातून तीन दिवस तीन सेट पाच रेप करावेत, दर खेपेला अडीच किलो वाढवावेत, पोटभर जेवावं. त्याला पहिली तीन प्रकरणं पुरेत. पुढची त्याने वाढ अडकल्यावर वाचावीत, आणि ती अडकतेच.

या पुस्तकात मी कुठेही ‘जास्तीत जास्त किती झेपेल’ इथून सुरुवात केलेली नाही. उलट दिशेने आलो आहे: कमीत कमी कितीने वाढ होते ते आधी शोधायचं, आणि वाढ थांबली तरच एक-दोन सेट जोडायचे. बहुतेक मध्यम लिफ्टरांसाठी एका लिफ्टचे आठवड्याला सहा ते दहा कष्टाचे सेट, दोन किंवा तीन दिवसांत वाटलेले, ही मी सुचवलेली सुरुवात आहे. ही प्रयोगशाळेची आज्ञा नव्हे, एका प्रशिक्षकाचा अंदाज आहे; तो तसाच घ्यावा. सेट जास्त झाले हे ओळखायच्या खुणा स्वतंत्र प्रकरणात दिल्या आहेत. वॉर्म-अपचं नेहमीचं वजन जड वाटणं, रॉडचा वेग मंदावणं, झोप मोडणं, कोपर-गुडघ्यात सकाळची ठणक, आणि सलग दोन आठवडे आकडे खाली. तेव्हा वजन तेवढंच ठेवून सेट निम्म्यावर आणावेत. वजन उतरवून सेट तेवढेच मारत राहू नये.

लग्नसराई, परीक्षा, सुगी, बाळंतपण यांमुळे ज्यांचा नियम सुटतो त्यांच्यासाठीही एक प्रकरण आहे, आणि त्यातली बातमी चांगली आहे. २०११ च्या एका अभ्यासात सोळा आठवडे आठवड्याला तीन दिवस नियमाने व्यायाम केलेल्यांचं काम थेट एक नवमांशावर आणलं, म्हणजे आठवड्यात एकच दिवस आणि प्रत्येक व्यायामाचा एकच सेट. तरुणांची ताकदही टिकली आणि स्नायूही, बत्तीस आठवडे. साठीपुढच्यांची ताकद बऱ्यापैकी टिकली, स्नायूंसाठी मात्र त्यांना थोडं जास्त काम लागलं. ताकद मिळवायला जेवढं लागतं त्याच्या किती तरी कमी ती राखायला लागतं. ‘महिनाभर जमणार नाही म्हणून सोडून दिलं’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की हे प्रकरण मला सर्वांत आधी लिहावंसं वाटलं होतं.

ज्यांना रक्तदाब, हर्निया किंवा मणक्याचा जुना त्रास आहे त्यांनी डॉक्टरांशी बोलूनच रॉडला हात लावावा. बाकीच्यांना माझी एकच विनंती. पुढचं पान उलटण्याआधी गेल्या चार आठवड्यांची वही काढा, आणि प्रत्येक लिफ्टचे कष्टाचे सेट मोजून समासात लिहा. वही नसेल तर आज एक विकत आणा, चार आठवडे आहे तसाच व्यायाम करत प्रत्येक सेट लिहा, आणि मग पहिल्या प्रकरणाकडे या.